मोमेला कोण भरवतं

१

कामावरून आले की आधी बूट काढायचे, मग दोन्ही खिडक्या सताड उघडून घरातली शिळी हवा बाहेर घालवायची, आणि ती जात असताना अंगातला कोट तसाच ठेवून मोमेच्या पेटीसमोर उकिडवं बसायचं, असा माझा त्या हिवाळ्यातला नेम होता. पेटी म्हणजे लांबट काचेचं घर. एका टोकाला तळाशी ऊब देणारी चटई, दुसरं टोक थंड, मधे ओलं शेवाळ भरलेली मातीची गुहा, कारण कात टाकताना त्याला ओल लागते. पाण्याची वाटी बदलायची. कोपऱ्यातली लेंडी चिमट्याने उचलायची. हे प्राणी शहाणे, नेहमी एकाच कोपऱ्यात जातात. पिठातल्या अळ्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवायची आणि एक अळी चिमट्यात धरून त्याच्या नाकासमोर वळवळू द्यायची.

मोमे तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी, आणि सावकाश पाठ फिरवून गुहेत जायचा.

मोमे म्हणजे बिबट्यासारखे ठिपके असलेली, वीतभर लांबीची पिवळी पाल. भिंतीवर चढणारी नव्हे. हिच्या पायांना चिकटणं जमत नाही. ती जमिनीवरून, एकेक पाय उचलून, विचार करत चालते. हिला पापण्या असतात. डोळे मिटते, उघडते, आणि ओठांची ठेवण अशी की तिला काहीतरी ठाऊक आहे आणि ती सांगणार नाही, असं वाटत राहतं.

मी त्याला विकत घेतला नव्हता. जर्मनीत कीलमध्ये घर मिळणं म्हणजे काय ते शोधणाऱ्यालाच कळतं, आणि घर सोडणारा आपलं स्वयंपाकघर एकतर उचकटून नेतो, नाहीतर पुढच्याच्या गळ्यात घालून जातो. आधीच्या भाडेकरणीने माझ्या गळ्यात ओटा घातला, भिंतीवरची कपाटं घातली आणि मोमे घातला. पन्नाशीची होती, तरतरीत. "मला नुसतं गेसा म्हण," ती पहिल्याच भेटीत म्हणाली, "आडनावं कार्यालयात ठेवायची." डोंगराकडे लहानसं घर घेतलंय, तिथे प्राणी चालत नाहीत, एवढं तिने सांगितलं. जाताना म्हणाली, "पेटी हलवू नकोस, ती भिंत उबदार आहे. आणि बेलवरचं वरचं नाव राहू दे, तुझं खाली लाव."

रस्त्यावरच्या दाराशी बेलच्या पट्टीत वर 'ब्रोडर्सन' होतं, खाली रिकामी जागा. माझं नाव नेले टाडसेन; मी तिथे 'टाडसेन' लावलं. घर सोडलेल्या माणसाची पत्रं काही महिने येत राहतात. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

घरी हुसुमला आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे घराबरोबर पाल."

"हो."

"दारावरची घंटा वाजली तरी तू कप सांडतेस, नेले. आणि पाल पाळणार."

"ती आवाज करत नाही, आई."

"बरं. तुझी खोली तशीच आहे हो. चादर कालच बदलली."

मला पालीपेक्षा त्या चादरीची भीती जास्त होती. शिकायला ल्यूबेकच्या वसतिगृहात राहिले आणि घाबरून परत आले. मग हांबुर्गला तिघींच्यात राहिले आणि तिथूनही परत आले. दोन्ही वेळा आई स्टेशनावर रिकामी बॅग घेऊन न्यायला आली होती. या खेपेला परत गेले तर पुन्हा निघणार नाही, हे मला माहीत होतं आणि आईलाही. फरक इतकाच, की तिला त्याचं फार वाईट वाटलं नसतं.

म्हणून मोमेने खाल्लंच पाहिजे होतं. ज्या घरात मी एक पालसुद्धा जगवू शकत नाही, त्या घरात मी स्वतः काय जगणार?

२

नवीन माणसाच्या हातून पाली काही दिवस खात नाहीत, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी धीर धरला. अळ्या बदलल्या, चिमटा बदलला, हात धुवायचा साबण बदलला. मोमे खाईना.

आणि त्याची शेपूट जाड होत चालली.

पहिल्यांदा मी ते मनावर घेतलं नाही. रोज बघणाऱ्याला तसंही कळत नाही. पण एकदा शनिवारी पेटी धुवायला त्याला डब्यात ठेवला, आणि तो डब्यात बसेना. ज्या डब्यात गेसाने मला तो दाखवला होता, त्याच्या बाहेर शेपटीचं टोक येत होतं; शेपूट गुबगुबीत, मुळाशी अंगठ्याएवढी जाड.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तळहातावर उताणा केला आणि हसल्या. "हा उपाशी आहे म्हणता? यांची सगळी शिल्लक शेपटीत असते. ही उपाश्याची शेपूट नाही, ही महापौराची शेपूट आहे."

"पण माझ्यासमोर एकही अळी—"

"तुमच्यासमोर नसेल. लाजतात. संध्याकाळी, तुमचं लक्ष नसताना खातात." त्यांनी मी नेलेली लेंडी काचेवर पसरून भिंगाखाली धरली. "हे बघा. रातकिड्यांचे पाय. काटे दिसतात? तेवढे रातकिडे कमी करा."

"मी रातकिडे देत नाही."

"मग घरातलं दुसरं कोणी देत असेल," त्या हातमोजे काढत म्हणाल्या. "मुलं असतात, नवरे असतात. सगळ्यांना लाड करायचे असतात."

मी रातकिडे देत नाही, कारण ते उडी मारतात. डब्याचं झाकण उघडलं की कुठून कुठे जातील सांगता येत नाही, आणि रात्रभर किरकिरतात. दुकानदाराने दाखवले तेव्हाच मी दोन पावलं मागे सरले होते. माझ्या घरात रातकिडा असणं शक्य नव्हतं. बाहेर बर्फ होता.

शंकेची पाल चुकचुकली, म्हणतात. माझी पाल कधीच चुकचुकत नाही. ती बसमधून येताना माझ्या कोटाच्या आत, डब्यात, पोट भरल्यासारखी झोपली होती.

त्या दिवशी घरी चहाचं पाणी ठेवताना ओट्याच्या खालच्या कपाटातून एक किर्र आला. एकच. मी कपाट उघडलं. तिथे माझी भांडी होती, पुढच्या रांगेत माझी, आणि मागे, नळाच्या पाइपाशी, ओलसर अंधार. बराच वेळ कान देऊन बसले. पाणी उकळून आटलं.

३

घराची एक किल्ली खालच्या मजल्यावरच्या केटेल्सनबाईंकडे होती. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवायची रीतच आहे. आपण कुलूप लावून बाहेर अडकलो तर कुलूपवाला बोलावण्यापेक्षा शेजारीण बरी. त्यामुळे संशय त्यांच्यावर जाणं सरळ होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. म्हातारी बाई, एकटी, वर येऊन पालीला किडे घालते. विचित्र, पण माणसासारखं.

मी केकचा तुकडा घेऊन खाली गेले. केटेल्सनबाई माझ्याच दुकानात यायच्या. मी श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करते, त्यांच्या कानांतली यंत्रं मीच बसवून दिली होती.

"केटेल्सनबाई, रागावू नका. तुम्ही कधी, मी नसताना, वर येता का?"

"वर?" त्यांनी केककडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "पोरी, माझे गुडघे बघितलेस? पोस्टाची पेटी उघडायला खाली जाते तेव्हा आधी मृत्युपत्र आठवून घेते. वर कशाला येऊ?"

"माझ्या पालीला कोणीतरी खायला घालतंय."

"मग चांगलंय की. मला कोणी घालत नाही." त्यांनी किल्ली खुंटीवरून काढून माझ्यासमोर ठेवली. "घे बाई. संशय घेऊन जिना चढू नये, पाय घसरतो. आणि घालत असेल तर तीच घालत असेल ना."

"ती कोण?"

"तुझी ती. ब्रोडर्सन."

"त्या गेल्या, केटेल्सनबाई. त्या डोंगराकडे राहायला गेल्या."

"गेली? बेलवर तर नाव आहे." त्या केक खात होत्या. "मी म्हटलं दोघी राहता. तू सकाळी निघतेस, टकटक टकटक, जिन्याला मारल्यासारखी. मग वर ती चालते. मऊ चालते. खिडकीपासून भिंतीपर्यंत, परत खिडकीपर्यंत."

"तुम्हाला नीट ऐकू येतं?"

"तूच तर यंत्र लावलंस," त्या म्हणाल्या. "आधी ऐकू येत नव्हतं म्हणून ओरडायचीस, आता येतं तर तोंड पाडतेस."

४

मी कुलूप बदलून घेतलं. नवीन किल्ल्या दोन्ही माझ्या गळ्यात, दोरीत. गेसाने एक किल्ली ठेवून घेतली असेल, अधूनमधून येत असेल, मोमेचा लळा सुटत नसेल. असं मी स्वतःला पटवलं, आणि डोंगराकडून कोणी रोज पालीला भरवायला देशाच्या या टोकाला येत नाही, हे स्वतःला आठवू दिलं नाही.

पुढच्या लेंडीत पुन्हा काटेरी पाय होते.

दुकानात मी लोकांना बंद खोलीत बसवते, कानांवर हेडफोन लावते, हातात बटण देते. आवाज आला की दाबा. मी मुद्दाम मधे मधे काहीच वाजवत नाही. तरी काहीजण दाबतात. खोटं बोलत नसतात ते. वाट बघून बघून त्यांना शांततेतही आवाज ऐकू यायला लागतो. अशा माणसांच्या नावापुढे मी एक लहानशी खूण करते. त्या आठवड्यात मी कितीदा तरी मनातल्या मनात स्वतःच्या नावापुढे ती खूण केली.

मग एका रविवारी ठरवलं की बघायचं. दुपारच्या चहाच्या वेळेलाच उजेड जातो आमच्याकडे. मी बाहेर निघाल्यासारखं केलं, दार आपटलं, जिना दोन पायऱ्या उतरले, परत आले, किल्ली अगदी हळू फिरवली आणि बूट हातात घेऊन पॅसेजमध्ये, कोटांच्या खुंट्यांखाली बसले. खोलीचं दार बोटभर उघडं होतं. त्या फटीतून पेटीचा दिवा दिसत होता आणि त्या उजेडात जमिनीचा एक तुकडा.

बराच वेळ काही झालं नाही. बंदरातून बोटीचा भोंगा आला. माझे पाय बधिर झाले, आणि मी स्वतःला हसणार होते.

पेटीची काच खाचेतून सरकताना एक खरखर होते, वाळूचा कण अडकलाय तिच्यात. ती खरखर झाली.

मोमे गुहेतून बाहेर आला. माझ्यासमोर तो कधी तसा आला नव्हता, लगबगीने, मान उंच करून. शेपटीचं टोक थरथरत होतं. शिकार दिसली की ते तसं थरथरतं. आणि उजेडात, वरून, एक कोपर आलं. राखाडी लोकरी बाहीतलं, विणीवर गुठळ्या आलेलं, साधं कोपर. बस, तेवढंच दिसत होतं. पुढचा हात पेटीत, मागचं सगळं दाराच्या आड. ते घाईत नव्हतं. भाजी निवडणाऱ्या बाईचं असतं, तसं होतं.

किडा चावून खाल्ल्याचा बारीक कुरकुर आवाज आला. मग दुसरा.

दिव्याला वेळ लावलेली असते. तो टक् करून विझला.

मी तिथे किती वेळ बसून राहिले ते सांगता येणार नाही. उठले, हात आत घालून खोलीतला मोठा दिवा लावला. खोली रिकामी होती. खिडक्या आतून बंद. काच लावलेली. मोमे दगडावर बसून जिभेने ओठ चाटत होता, आणि मला बघून त्याने डोळे मिटून घेतले.

५

गेसाने फोन उचलला तो एकाच प्रश्नाने. "मोमे खातो ना?"

"माझ्या हातून नाही खात."

"हं," ती म्हणाली. मागे भांड्यात चमचा फिरत होता.

मी काय विचारायचं ते लिहून काढलं होतं आणि त्यातलं काहीच विचारलं नाही. कोपराबद्दल बोलले असते तर ते दोन माणसांत खरं झालं असतं. म्हटलं, "बेलवरचं तुमचं नाव आता काढू का? लोकांचा गोंधळ होतो. खालच्या बाईंना वाटतं तुम्ही अजून राहता."

चमचा थांबला.

"माझं नाव?"

"ब्रोडर्सन."

"नेले, माझं आडनाव फोस आहे. ते मी जाताना काढलं. खालचं. तू जिथे तुझं लावलंस तिथलं."

"मग वरचं कोणाचं?"

"ते होतंच. मला ज्यांनी मोमे दिला त्यांनी सांगितलं, राहू दे. मी राहू दिलं. तुलाही तेच सांगितलं."

"आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत, कोण म्हणून?"

"तू विचारलंस?" तिचा आवाज कठोर नव्हता. "बेलवर नाव असलं की माणूस तिथे राहतं. कोण चौकशी करतं?"

खिडकीबाहेर समोरच्या घरांत दिवे लागत होते. मग मी विचारलं, "गेसा, तुम्ही घर का सोडलंत?"

पलीकडे चमचा पुन्हा फिरला, दोनदा.

"मला एकटीला राहायचं होतं," गेसा म्हणाली.

६

नाव काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चाकूच्या टोकाने पट्टी उचकटली, बेलवरची आणि वरच्या दारावरचीही. पट्टीमागे आणखी जुनी पट्टी निघाली, त्यावरही तेच नाव, जुन्या वळणाच्या अक्षरात. तीही काढली. सगळं चुरगळून रस्त्यावरच्या रद्दी कागदाच्या डब्यात टाकलं.

त्यानंतर घर शांत झालं. आधीही मी त्या घराला शांतच म्हणत होते, पण तेव्हा कळलं की ते तसं नव्हतं. आता ते आमच्या तपासणीच्या खोलीसारखं झालं, भिंतींनी आवाज पिऊन टाकल्यासारखं. मी गाढ झोपले. सकाळी उठून गाणं म्हणत कॉफी केली. आईला फोन करून सांगितलं की मी मजेत आहे, आणि ते खरं होतं. तिने ते ऐकून चादरीचा विषय काढला नाही.

मोमेने मात्र गुहा सोडली. तो पेटीच्या त्या टोकाला जाऊन बसला जिथून पॅसेज दिसतो. थंड टोक ते. नाक काचेला लावून, बाहेरच्या दाराकडे तोंड करून. उचलून उबेत ठेवला तरी परत तिथेच.

शेपूट ओसरायला लागली. मी रातकिडे आणले. हो, आणले, मी. बसमध्ये माझ्या पिशवीतून ते किरकिरत होते आणि शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे बसले. झाकण उघडताच अर्धे ओट्याखाली पळाले. उरलेला एक चिमट्यात धरून मोमेपुढे नेला. त्याने नजर हटवली नाही दारावरून. डॉक्टरीणबाईंनी पातळ खाणं आणि सुई नसलेली पिचकारी दिली. ते त्याच्या ओठांवरून ओघळलं. त्यांनी या वेळी विनोद केला नाही. शेपटीला दोन्ही बाजूंनी खळगे पडले होते आणि कंबरेची हाडं दिसत होती. माझ्या हातात मावेल एवढा जीव, आणि मी त्याला मारत होते, हे मला कळत होतं.

केटेल्सनबाई जिन्यात भेटल्या. कठड्याला धरून दम खात होत्या.

"तुमचं भांडण झालं का?" त्यांनी विचारलं.

"कोणाशी?"

"अगं, ती खाली उभी असते. दाराशी. परवा मी पोस्ट काढायला गेले तेव्हा होती, आजही होती. या थंडीत, अंगात नुसता स्वेटर."

"तुम्ही बोललात?"

"म्हटलं, ये की आत, दार उघडंच आहे. तर हलली नाही. बेल वाचत होती. बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत, एकेक नाव. खाली आली की पुन्हा वरून." त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "पोरी, भांडावं माणसानं, पण नाव काढू नये गं. ते फार होतं."

७

आई पुढच्याच रविवारी आली. न कळवता नव्हे. मी फोनवर मोमे मरतोय असं म्हणाले होते, आणि माझा आवाज तिला माहीत होता. तिच्या एका हातात सफरचंदाचा केक होता. दुसऱ्या हातात ती बॅग होती, हलकी, चालताना पायाला आपटणारी.

तिने खिडक्या उघडल्या, बंद केल्या, पेटीसमोर वाकली.

"हे जगायचं नाही."

"डॉक्टर म्हणतात, अजून—"

"आणि तूही वाळलीस." तिने बॅग पलंगावर ठेवली. उघडली नाही, नुसती ठेवली. "हे बघ, नेले, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. काही माणसं एकटी राहू शकत नाहीत. तुझी मावशी नव्हती राहत. संध्याकाळची गाडी आहे. पालीला पुठ्ठ्याच्या खोक्यात घेऊ, चुलीजवळ ठेवू."

"मी एकटी राहू शकते."

"पोरी, तू चहा ओततेस तो बशीत ओततेस."

बेल वाजली.

मी उठले नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाजली, लांब, बोट न उचलता. आई उठली, तिला कोणाची बेल वाजत ठेवणं जमत नाही, आणि पॅसेजमधला रिसीव्हर तिने कानाला लावला.

"हो? ... हो, तिची आई. ... अगंबाई. ... या ना, या की वर." तिने खालचं दार उघडायचं बटण दाबलं आणि माझ्याकडे वळली. चेहरा बदलला होता तिचा. "तू मला सांगितलं का नाहीस, कोणी तुझ्याबरोबर राहतं म्हणून?"

खालचं दार उघडून मिटलं. जिन्यात पावलं यायला लागली, मऊ. पेटीत मोमे उठून उभा राहिला होता. त्या वाळलेल्या शेपटीचं टोक थरथरत होतं.

पावलं आमच्या दाराशी थांबली. नवीन कुलूप होतं आणि दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात.

"उघड की," आई म्हणाली.

मी नाही म्हटलं असतं, तर तिने का म्हणून विचारलं असतं. त्या 'का'ला माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते दिल्यावर मी संध्याकाळच्या गाडीत असते, मांडीवर खोकं, आणि मग आयुष्यभर ती चादर. आई माझ्याकडे बघत होती. तिला दोन्ही हवं होतं, मी परत यावं हे आणि माझं कोणीतरी असावं हेही. तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

मी किल्ली फिरवली आणि दार उघडताना नजर पायपुसण्यावर ठेवली. बंदवाले जुने बूट होते. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता, आणि ते कोरडे होते.

"आई," मी बुटांकडे बघत म्हणाले, "या ब्रोडर्सनबाई. आम्ही दोघी राहतो."

आईचा हात माझ्या बाजूने पुढे गेला. मी तो पाहिला. तो धरला गेला, वरखाली हलला, बराच वेळ, जसा नीट ओळख करून घेताना हलतो.

"हात किती गरम आहेत हो तुमचे," आई म्हणाली. "आमच्या नेलेचे बघा, बर्फ."

चहाला मी तिसरा कप काढला आणि माझ्या कपातून डोळे वर केले नाहीत. आई बोलत होती, हसत होती. मधेमधे थांबायची, ऐकायची, मान डोलवायची, "हो ना, लहानपणापासून" असं म्हणायची. तिच्या त्या थांबण्यांत मला काहीही ऐकू आलं नाही, आणि माझे कान चांगले आहेत. मग माझ्या पाठीमागे काच खाचेतून खरखरली आणि कुरकुर चावण्याचा आवाज आला, एक, आणखी एक, न थांबता.

"बघ, बघ कसा खातो त्यांच्या हातून," आई म्हणाली. "तू उगाच घाबरलीस."

निघताना तिने बॅग पलंगावरून उचलली. मी पलंगाकडे पाठ करून तिचा कोट धरला. दाराशी तिने माझे गाल दोन्ही हातांत घेतले, हांबुर्गहून परत आले होते तेव्हा घेतले होते तसे.

"आता मला काळजी नाही," ती म्हणाली. "तू एकटी नाहीस."

मी खिडकीशी गेले. आमच्याकडे जाणाऱ्याला खिडकीतून हात करतात. काच उघडली तेव्हा थंड हवा आत आली, पण डाव्या खांद्याला ती लागली नाही. त्या बाजूला ऊब होती. खाली आई रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर पोचली, वळली, आणि वर बघून हसत तिने हात हलवला. एकदा माझ्याकडे. आणि मग, तेवढ्याच प्रेमाने, जरा डावीकडे.

मी डावीकडे पाहिलं नाही. मी आईला हात करत राहिले.